घरच्या कंप्युटरला वेगळा अँटीव्हायरस हवा का? माझा अनुभव

म्हापशातल्या आमच्या कंप्युटरवर रोज लाल चौकट यायची: ‘संरक्षण संपले, पैसे भरा.’ बाबा भरायला निघालेच होते. म्हटलं, थांबा, आधी बघूया. विंडोज ११ मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस मुळातच असतो, फुकट. मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाकला, रीस्टार्ट केलं, ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन (म्हणजे सतत चालणारी तपासणी) चालू असल्याची खात्री केली. हिरवी खूण दिसली. आमच्या वापराला एवढं पुरतं.

मला जास्त भीती झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हची. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसले तर व्हायरसची शंका घ्यायची, त्यांवर क्लिक करायचंच नाही. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन. विंडोज १० वाल्यांनो, त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तिथे आधी अपडेटची सोय बघा, अँटीव्हायरसचं नंतर.