ताब्याच्या केसमध्ये आधी मुलाचा दिवस विचारा

नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात नव्याने काम सुरू करणाऱ्या वकील मित्रमैत्रिणींसाठी लिहिते आहे. ताब्याचे कितीतरी अर्ज वाचताना एकच गोष्ट खटकते. नवरा-बायकोच्या भांडणावर पानंच्या पानं भरलेली असतात आणि मूल कितवीत आहे, तेही सापडत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० चं कलम १७ असो की हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम १३, न्यायालयाला मुलाचं हित बघायचं असतं. पाच वर्षांखालचं मूल एरवी आईकडे राहतं, पण तेही मुलाच्या हिताला धरूनच.

म्हणून पक्षकार समोर बसला की मी विचारते : डबा कोण भरतं? शाळेच्या डायरीवर सही कोणाची असते? मागच्या वेळी ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं, ती चिठ्ठी जपून ठेवली आहे का? अर्ज याच उत्तरांवर उभा राहतो. मूल नेहमी कुठे राहतं हेही नीट विचारा, कारण १८९० च्या अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे अधिकारक्षेत्र त्यावरच ठरतं.

भेटीच्या अटींचा मसुदा मात्र घाईत करू नका. वडील पुण्याला आणि मूल नागपुरात असेल, तर 'उन्हाळी सुटीतले अर्धे दिवस' एवढं लिहून भागत नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, मग सुटी कोणती धरायची यावर जूनमध्ये पुन्हा वाद. मूल ज्या शाळेत शिकतं तिचं वेळापत्रक धरा. स्टेशनवर कोण सोडणार, कोण घ्यायला येणार, व्हिडिओ कॉल कोणत्या वारी आणि किती वाजता, सगळं लिहा.

मुलाला पढवू देऊ नका. समजतं वय असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात, बरेचदा चेंबरमध्ये बोलावून बोलतात. बाहेरच्या बाकावर आठ वर्षांचा मुलगा 'माझं सर्वांगीण हित बाबांकडे आहे' असं घोकताना मी ऐकलं आहे. शेजारी आजी चुका दुरुस्त करत होती. असं दिसलं तर आपल्याच पक्षकाराला तिथल्या तिथे थांबवा, तो नाराज झाला तरी चालेल.

पोटगीसाठी 'रजनेश विरुद्ध नेहा' हा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पूर्ण वाचा. प्रकरण आपल्याच नागपूर खंडपीठातून वर गेलेलं आहे. मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र दोघांनीही द्यायचं, ते तिथूनच आलं.

आणखी एक. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम १३ मुळे इथे वकिलाला हक्काने उभं राहता येत नाही, तेव्हा परवानगीचा अर्ज सोबतच ठेवा. फी न परवडणारी बाई आली, तर तिला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.