सोयाबीन पेरायच्या आधी एकच विचारा, वाईट सालात ह्या वाणानं किती दिलं?

मिरज, वाळवा, पलूस, इकडं कराड, कोरेगाव, सगळीकडं बियाणाची पळापळ सुरू झालीय आणि दुकानात गेलं की पहिला प्रश्न तोच, एकरी उतारा किती? समजा एका वाणानं चांगल्या सालात १४ क्विंटल दिलं आणि तांबेरा ह्या बुरशीच्या रोगाच्या सालात ५ वर आणलं, दुसऱ्यानं दोन्ही साली १०-१० दिलं, तर घर चालतं दुसऱ्यावर.

आपल्या कृष्णाकाठाला तांबेरा काय असतो ते सांगायला नको, पानाच्या मागून बोट फिरवलं की तांबूस भुकटी लागते आणि आठ-दहा दिवसांत पानगळ, शेंगा पोचट. जेएस ३३५ ह्या वाणानं आपल्याला लई वर्षं जगवलं पण तांबेऱ्यापुढं ते टिकत नाही. म्हणून तर राहुरी कृषी विद्यापीठाच्या आपल्याच कसबे डिग्रज केंद्रातनं फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया असे तांबेऱ्यात तग धरणारे वाण आले. असा वाण एका सालात होत नाही, संकर करायचा, पिढ्यान्‌पिढ्या निवड करायची, मग वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या सालात तोच वाण पेरून बघायचा की कुठं ढासळतो. २०१० साली सोयाबीनचा सगळा जनुकीय नकाशा प्रसिद्ध झाला, तेव्हापासनं हे काम सोपं झालंय, रोपाच्या पानाचा तुकडा तपासला तरी प्रतिकाराचं जनुक आहे का ते कळतं, रोग पडायची वाट बघत बसावं लागत नाही. पण बुरशीपण बदलते, एकाच जनुकाचा अडसर ती मोडते, म्हणून संशोधक दोन-तीन जनुकं एकाच वाणात गोळा करायच्या मागं आहेत.

तवर आपल्या हातात काय? सगळं रान एकाच वाणाखाली घालू नका, दोन तरी वाण ठेवा, एक थोडा लवकर येणारा.

सोयाबीन स्वपरागी आहे, म्हणजे फुलाचं परागण त्याच फुलात होतं, त्यामुळं घरचं बियाणं चालतं, फक्त उगवण बघाच. ओल्या गोणपाटावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल सुकू देऊ नका, सात-आठ दिवसांनी मोजा. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६० च उगवले तर ३५ किलो, त्याच्या खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका. आणि पोती आपटू नका हो, साल पातळ असते, दाणा आतनं फुटतो आणि वरनं चांगलाच दिसतो.

७५ ते १०० मिमी पाऊस पडून वाफसा (पेरण्याजोगी ओल) आल्याशिवाय पेरणीची कुरी धरू नका, दाणा ३-४ सेंमी खोल.

ऑगस्ट-सप्टेंबरात ढगाळ, झिमझिम लागली की खालची पानं उलटून बघत जा. पहिला ठिपका दिसला की हेक्साकोनॅझोल ५ ईसी हे बुरशीनाशक पाण्याच्या लिटरला १ मिली घालून फवारा, वाण प्रतिकारक असला तरी.