तारणाविना उद्योगकर्ज: सीजीटीएमएसईच्या हमीवर बँकेकडे कसे जावे

हमी बँकेला मिळते, तुम्हाला नाही. हे कळले की निम्मे गैरसमज दूर होतात. केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांसाठीची सरकारी विकास बँक) यांनी 2000 साली उभारलेला सीजीटीएमएसई हा सूक्ष्म व लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणारा ट्रस्ट कर्ज बुडाल्यास बँकेच्या नुकसानीचा ठरावीक हिस्सा, बहुतेक प्रकरणांत 75 टक्के, भरून देतो. तुमची बाकी मात्र जशीच्या तशी राहते आणि वसुलीही थांबत नाही. ट्रस्टकडे अर्ज बँक करते, त्यामुळे पटवायचे असते ते शाखेतल्या कर्ज अधिकाऱ्यालाच.

सुरुवात उद्यम नोंदणीने, म्हणजे लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीने करा. सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅन देऊन ती फुकट होते. पैसे मागणारी संकेतस्थळे एजंटांची असतात. पॅन, जीएसटी आणि उद्यम या तिन्हींवर नाव व पत्ता एकसारखा हवा. ‘ट्रेडर्स’ एकीकडे आणि ‘एंटरप्रायझेस’ दुसरीकडे असले, तर फाईल तिथेच अडते.

मग रक्कम ठरवा. बहुतेक जण चुकतात ते इथेच. यंत्रासाठी मुदत कर्ज आणि माल-मजुरीसाठी खेळते भांडवल, म्हणजे कॅश क्रेडिट, या दोन वेगळ्या मागण्या आहेत. यंत्राचे कोटेशन 12 लाखांचे आणि बँकेने 25 टक्के स्वतःचा हिस्सा मागितला, तर 3 लाख तुमचे, 9 लाख बँकेचे. खेळत्या भांडवलाला रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीचे सूत्र लावतात: अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या 25 टक्के गरज धरायची, त्यातले उलाढालीच्या 20 टक्के बँक देते, 5 टक्के तुम्ही घालता. उलाढाल 40 लाख धरली तर बँकेकडून 8 लाख, तुमचे 2 लाख. हा दुसरा भाग मागायचा राहिला की नवेकोरे यंत्र कच्च्या मालावाचून उभे राहते.

उलाढाल फुगवू नका. अधिकारी ती जीएसटी विवरणपत्रांशी आणि खात्यातल्या जमेशी ताडून पाहतो. हप्ता व व्याज मिळून वर्षाला 2 लाख जाणार असतील, तर ते फेडण्याजोगी रोकड सरासरी 3 लाखांच्या आसपास दिसावी, अशी साधारण अपेक्षा असते. सोबत आयकर विवरणपत्रे, बँक स्टेटमेंट, जीएसटी क्रमांक असलेले कोटेशन आणि गाळ्याचा भाडेकरार जोडा. यंत्र थ्री-फेज असेल तर महावितरणचा मंजूर वीजभारही आधीच तपासा.

अर्जातच ‘सीजीटीएमएसई हमीखाली, तारणाविना’ असे लिहा आणि पोचपावती घ्या. सूक्ष्म व लघुउद्योगांच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; 2010 मध्ये ती मर्यादा 10 लाख होती, एप्रिल 2026 पासून 20 लाख. घर गहाण ठेवा असे तोंडी सांगितले, तर तेच लेखी मागा. 25 लाखांपर्यंतच्या अर्जावर 14 कामाच्या दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, आणि नकाराचे कारण लेखी मिळायला हवे. गरज 10 लाखांच्या आतली असेल तर मुद्रा कर्ज योजनेचाही विचार करा. तिथे हमीचा निधी वेगळा आहे, बँकेतली तयारी मात्र जवळपास हीच.

मंजुरीपत्र सावकाश वाचा. हमीचे वार्षिक शुल्क, लहान रकमांना साधारण 0.37 टक्क्यांपासून, व्याजाखेरीज बहुधा तुमच्याच खात्यातून जाते. कर्जातून घेतलेले यंत्र बँकेकडे नजरगहाण राहते, म्हणजे ताबा तुमचा पण हक्क बँकेचा, आणि मालकाची वैयक्तिक हमीही घेतली जाते. तारणाविना म्हणजे जबाबदारीविना नव्हे. बाहेरच्या तिसऱ्या माणसाचा जामीन मात्र या योजनेत बसत नाही.

यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याला जातात. ‘बिल वाढवून देतो, वरची रक्कम रोख घ्या’ म्हणणारा विक्रेता भेटतोच. त्याला हात जोडा, कारण असे करणे म्हणजे कर्जाचा निधी दुसरीकडे वळवणे ठरते. कॅश क्रेडिट असेल तर स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालसाठ्याचा हिशेब, दर महिन्याला वेळेवर द्या. आणि हप्ता चुकणार असे दिसले, तर तो चुकायच्या आधीच शाखेत जा: 90 दिवस थकले की खाते एनपीए, म्हणजे थकीत (अनुत्पादक) कर्ज ठरते, मग हप्त्यांची फेररचना मिळवणे फार अवघड जाते.