त्रयस्थ होऊन बघताना : या चुका टाळा

मराठीत राग 'येतो', भीती 'वाटते', कंटाळाही 'येतो' आणि या सगळ्या वाक्यांत 'मी' नसतो, 'मला' असते. भावना ही आलेली गोष्ट आहे आणि आपण ती ज्याच्याकडे आली तो माणूस, हा भेद आपल्या व्याकरणाने फार पूर्वीच करून ठेवला आहे. स्वतःला नावाने हाक मारून समजावणे, घडलेला प्रसंग भिंतीवरच्या माशीच्या नजरेने पाहणे, आजची अडचण दहा वर्षांनंतरच्या दिवसावरून न्याहाळणे, किंवा 'मी निकामी आहे' याऐवजी 'मी निकामी आहे असा विचार मला येतो आहे' असे म्हणणे, या मानसशास्त्राने सुचवलेल्या सर्व युक्त्यांचा गाभा हाच भेद जागा ठेवणे हा आहे. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयदुक यांच्यासारख्या संशोधकांनी गेली वीस वर्षे या युक्त्या प्रयोगांतून तपासल्या आहेत. तरीही 'करून पाहिले, काही उपयोग झाला नाही' अशी तक्रार सतत कानावर येते आणि माझ्या मते तिच्यामागे बहुधा एकच गफलत असते : भावनेपासून अंतर घ्यायचे असते ते ती नीट दिसावी म्हणून, आणि आपण ते घेतो ती दृष्टीआड व्हावी म्हणून.

दडपलेली भावना आणि दूरून पाहिलेली भावना

औषध घेताना माकडाची आठवण काढायची नाही, अशी अट घालणाऱ्या वैद्याची गोष्ट बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माकडाच्या जागी पांढरे अस्वल होते. त्याचा विचार पाच मिनिटे करायचा नाही आणि आलाच तर घंटी वाजवायची, असे सांगितलेल्या लोकांना घंटी पुन्हा पुन्हा वाजवावी लागली. नंतर विचार करण्याची मोकळीक मिळाल्यावर तर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. अलिप्त होण्याच्या नावाखाली 'मला काही वाटत नाही' असे स्वतःला बजावणारा माणूस नेमके हेच करत असतो.

आपण अंतर घेतले की भावना दडपली, हे ओळखायचे असेल तर सराव झाल्यावर स्वतःला विचारून पाहावे की, आत्ता काय वाटले, ते शरीरात कुठे जाणवले आणि कोणत्या गोष्टीमुळे वाटले. उत्तर 'काही नाही, ठीक आहे' एवढेच आले, तर दडपणूक झाली असे समजावे. अशा वेळी उलट क्रमाने जावे, म्हणजे आधी भावनेला नाव द्यावे आणि मग तिच्यापासून दूर व्हावे. नाव देतानाही 'टेन्शन' या एकाच पोत्यात सगळे कोंबू नये, कारण धाकधूक, हुरहूर, चीड, हेवा, अपमान, शरम हे वेगवेगळे पाहुणे आहेत आणि प्रत्येकाचे मागणे वेगळे असते.

याच्या विरुद्ध टोकाची चूकही आपल्या व्याकरणाच्या सोयीतूनच येते. 'राग आला म्हणून बोललो' असे म्हणणारा माणूस राग आणि स्वतः यांच्यात अंतर ठेवतो खरा, परंतु ते जबाबदारी झटकण्यासाठी. राग आला, हे खरे. बोललो मात्र मी.

हाक कोणत्या नावाने मारावी

क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जणांना अगदी थोड्या वेळात भाषणाची तयारी करायला लावली होती. तयारीच्या वेळी ज्यांनी मनातल्या मनात 'मी' न म्हणता स्वतःचे नाव घेऊन संवाद केला, त्यांची भाषणे सरस ठरली आणि भाषणानंतर त्यांनी स्वतःला कमी कुरतडले. मनालाच हाक मारून समजावण्याची रीत ज्यांच्या संतपरंपरेत आहे, त्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. तरीही येथे एक अडचण फक्त आपली आहे.

आपल्याकडे पूर्ण नावाने हाक दोनच ठिकाणी येते, शाळेच्या हजेरीत आणि आई रागावल्यावर. मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा वार्षिक सभेच्या आदल्या रात्री ही युक्ती करून पाहिली होती. पहिल्या प्रयत्नात मी स्वतःला वडिलांच्या नावासकट हाक मारली आणि पुढचे वाक्य आपोआपच 'हिशेब वेळेवर लिहायला काय झाले होते?' असे आले. पंधरा मिनिटांत मी दुप्पट घाबरलो होतो. मग घरच्या नावाने सुरुवात केली : 'नंदू, पाण्याच्या बिलांची फाइल वरच ठेवली आहेस. कोणी आवाज चढवला तर चढवू दे, त्याने सांगितलेला आकडा तेवढा वहीत लिहून घे.' दुसऱ्या दिवशी आवाज चढला आणि मी आकडा लिहून घेतला. हात थरथरत होता, पण आकडा बरोबर लिहिला गेला.

थोडक्यात, नाव असे निवडावे की त्यापाठोपाठ माया येईल आणि संबोधन 'तू' असावे. स्वतःला 'अहो-जाहो' केल्यास अंतर इतके वाढते की, समजावणे बाजूला राहते आणि ज्ञापन काढल्यासारखे वाटू लागते. तसेच हे बोलणे मनातल्या मनात ठेवावे.

माशी व्हावे, परीक्षक होऊ नये

भांडण आठवताना ते स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा न जगता, खोलीतल्या भिंतीवरून दोन्ही माणसे दिसत आहेत असे पाहणे, ही दुसरी प्रसिद्ध युक्ती. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्यासह क्रॉस आणि आयदुक यांनी 2005 साली मांडलेला निष्कर्ष येथे महत्त्वाचा आहे. प्रसंगात बुडून 'मला असे का वाटले' असा प्रश्न विचारला तर राग पेटता राहतो. तोच प्रश्न दूरून विचारला तर राग निवतो. म्हणजे अंतर आणि 'का' ही जोडी आहे. अनेक जण यांतले अर्धेच करतात. ते भिंतीवर चढून बसतात, परंतु तिथून 'मग तो असे म्हणाला, मग मी तसे म्हणालो' या संवादाचीच उजळणी करतात. अशी उजळणी सुरू झाली की समजावे, माशी पुन्हा भांडणात उतरली. तिला वर न्यायचे असेल तर प्रश्न बदलावा : या दोन माणसांपैकी प्रत्येकाला त्या क्षणी कशाची भीती वाटत होती?

दुसरी चूक अधिक नाजूक आहे. चारचौघांत बोलताना ज्यांना फार संकोच वाटतो, ते आधीच स्वतःला बाहेरून पाहत असतात. 'माझा चेहरा लाल झाला असेल, आवाज कापत असेल, सगळे बघत असतील' हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे सतत असते आणि सामाजिक भयाच्या अभ्यासकांनी हा त्या त्रासाचाच एक भाग मानला आहे. अशा व्यक्तीने भिंतीवरची माशी होऊ नये, कारण ती माशी गुण देऊ लागते. तिने लक्ष समोरच्या माणसाकडे, त्याच्या शब्दांकडे, टेबलावरच्या वस्तूंकडे वळवणे अधिक हिताचे असते.

'दहा वर्षांनी आठवणारही नाही'

हे वाक्य स्वतःला म्हणावे, दुसऱ्याला कधीही ऐकवू नये. ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे त्याला तर मुळीच नाही. स्वतःसाठी वापरतानाही ते काळाबरोबर खरोखर लहान होणाऱ्या गोष्टींपुरतेच वापरावे. लोकलमधली बाचाबाची, साहेबांचा टोमणा, लग्नात झालेला मानपानाचा घोळ या गोष्टी लहान होतात. स्तनातली गाठ, बँकेची नोटीस आणि मुलाचे शाळेत न जाणे या काळाबरोबर मोठ्या होणाऱ्या गोष्टी आहेत; त्यांच्याबाबत हे वाक्य म्हणजे टाळाटाळच ठरते. 'लोकांची दुःखे किती मोठी असतात' ही तुलनाही अंतरात मोडत नाही, तिच्यामुळे दुःखाला अपराधीपणाची जोड तेवढी मिळते.

शरीराच्या त्रासात

कमरेच्या एमआरआयसाठी मी पहिल्यांदा त्या नळीत शिरलो, तेव्हा 'आपण शरीरातून निघून छताला टेकून खाली बघत आहोत' अशी कल्पना करायचे ठरवले होते. अडचण अशी की, तिथे छत नाकापासून वीतभर अंतरावर असते. वर जायला जागाच नव्हती, आणि निघून जायचे आहे या विचारानेच छाती भरून आली. मदत मागण्यासाठी हातात दिलेला रबरी फुगा मी काही मिनिटांतच दाबला. तंत्रज्ञाने बाहेर काढले, पाणी दिले आणि कसलाही उपदेश न करता 'तयार झालात की सांगा' एवढेच म्हटले. दुसऱ्या वेळी मी भाच्याला फोनवर सांगावे तसे मनात वर्णन करत गेलो : आता ठकठक चालू झाली, आता ड्रिलसारखा आवाज, आता गप्प, आता मामाचा डावा खांदा आखडला आहे. शरीर नळीतच होते आणि भीतीही होती, पण ती मामाला वाटत होती आणि मी ती सांगत होतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केलेल्यांना यातील फरक चटकन कळेल. तिथे चौथ्या दिवसापासून रोज तीनदा तासभर आसन न बदलता बसायला सांगतात. गुडघ्यात उठलेली कळ पाहायची असते, तेव्हा 'दुखते आहे' हा एकसंध गोळा सुटून आधी उष्णता, मग ताण, मग ठणका असे तुकडे दिसू लागतात. नवख्याची चूक अशी होते की, तो दर मिनिटाला 'गेले का?' म्हणून डोकावतो. डोकावणे म्हणजे वाट पाहणे, आणि वाट पाहणाऱ्याचे अंतर शून्य असते. कळ राहिली तरी चालेल, अशी तयारी असेल तरच हे निरीक्षण साधते.

मात्र छातीतले दुखणे, अचानक आलेला बधिरपणा किंवा पडल्यानंतर सुजलेला पाय यांच्याकडे साक्षीभावाने पाहत बसू नये. ते दुखणे सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

वेळ चुकणे

पोहणे पुरात शिकत नाहीत. राग शिगेला पोहोचल्यावर प्रथमच ही युक्ती काढणाऱ्याला ती सापडत नाही. त्या क्षणी जीभ आवरणे, खोलीबाहेर जाणे आणि श्वास सावकाश सोडणे एवढेच हाती असते. सराव डास चावल्यावर, रांगेत उभे असताना किंवा वाय-फाय गेल्यावर करावा. आणि जोडीदाराशी वाद चालू असताना 'तू जरा त्रयस्थपणे बघ' असे म्हणणे हा सल्ला नसून चिमटा असतो, याचा अनुभव बहुतेक घरांत असेल. आनंदाच्या क्षणीही हे अंतर घेऊ नये, कारण ते दुःख बोथट करते तसा आनंदही करते. नातवाच्या बारशाला भिंतीवर बसण्याचे कारण नाही.

हे केव्हा करूच नये

ज्यांना आधीच सगळे काचेपलीकडचे, खोटे किंवा स्वप्नातले वाटते, आपले हात आपले वाटत नाहीत, किंवा जुन्या आघाताच्या आठवणी येताच सुन्न व्हायला होते, त्यांच्यासाठी आणखी दूर जाणे हा उपाय नव्हे. त्यांना परत यायचे असते. पायाखालची फरशी, हातातला गार पाण्याचा पेला, समोरच्या पाच वस्तूंची नावे यांचा तात्पुरता आधार होतो, परंतु हे वारंवार होत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. मरणाचे विचार येत असतील, तर सरावाच्या वाटेलाच न जाता त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.