ज्येनची प्रतिकृती पारखताना

चीनच्या झेजियांग प्रांतातलं लुंगछ्वान हे तलवारींचं जुनं गाव. ज्येन या चिनी तलवारीच्या आजच्या बहुतेक प्रतिकृती तिथेच बनतात. पण नावावर भुलू नका, दर्जा कमालीचा बदलतो.

दुधारी, सरळ ज्येन हातात घेतली की आधी पात्याची जाडी मोजा. परजेपाशी (मूठ आणि पातं यांमधल्या आडव्या आडोशापाशी) ६-७ मिमी असेल तर टोकाकडे ती निम्म्यावर यायला हवी. सगळीकडे सारखीच जाडी म्हणजे सपाट पट्टी घासून केलेलं काम, आणि अशी तलवार पुढे ओढते. मग बोटावर तोला. तोल परजेपासून साधारण १२ ते १८ सेंमीवर यावा.

खरी मेख मुठीत असते. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला ठोकून बसवलेली किंवा नटाने आवळलेली हवी. बारीक सळई वेल्ड केली असेल, तर फिरवताना जोडावरच तुटते आणि पातं सुटून उडतं. मूठ घट्ट धरून पात्यावर हलकी थाप मारा. खडखडली तर ढिली आहे.

पात्यावरची लहरदार नक्षी पोलादाला घड्या घालून घडवल्याने आलेली असते, किंवा नुसती आम्लाने उठवलेली असू शकते. कोपऱ्यात २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. दोन्ही प्रकारची नक्षी पुसट होते, म्हणून त्यावर फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण लावा: घडीव पोलादाचीच नक्षी परत उमटते. अर्थात, हे विकत घेतल्यावरच!

म्यानाचं लाकूड दमट हवेत ओल धरतं. महिनाभर वापर नसेल तर पातं पुसून, खनिज तेलाचा पातळ हात देऊन म्यानाबाहेरच ठेवा.