पाचट गाडले तरी पीक पिवळे : सेंद्रिय नत्राच्या या चुका टाळा

उसाचे पाचट (वाळलेली पाने), काड, ताग, शेणखत यांत नत्र (नायट्रोजन) असते हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. ते मुळांना केव्हा मिळणार, याचा हिशेब मात्र फार थोडे जण करतात. अवशेषांतील बहुतेक नत्र प्रथिनांत अडकलेले असते. जिवाणू आणि बुरशी ते कुजवून आधी अमोनियम व पुढे नायट्रेट तयार करतात, तेव्हाच पीक ते उचलू शकते, आणि या कामात जिवाणू आपला वाटा आधी काढून घेतात.

म्हणूनच पाचट रोटाव्हेटरने मातीत मिसळून लगेच पेरणी करणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक टन वाळलेल्या पाचटात कर्ब (कार्बन) ४०० किलोच्या आसपास आणि नत्र जेमतेम ४ ते ५ किलो असते. कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण २५-३० च्या वर गेले की जिवाणूंना अवशेषातील नत्र पुरत नाही आणि ते मातीतले तयार नत्र ओढून घेतात. येथे तर ते ८० ते १०० च्या घरात असते.

कराड तालुक्यातील एका परिचित शेतकऱ्याने खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) मोडून पाचट बारीक करून गाडले आणि आठवड्याभरात गहू पेरला. तीन आठवड्यांत शेत पिवळे पडले. दुकानदाराने आधी लोहाची कमतरता सांगून फवारणी करायला लावली, मग बुरशीनाशक दिले. मी शेतात गेलो तेव्हा शेंड्याची पाने हिरवी होती आणि खालची जुनी पाने टोकाकडून पिवळी पडत आली होती. लोह कमी पडले तर नवी पाने आधी पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, एवढे पाहिले असते तरी दोन्ही फवारण्यांचा खर्च वाचला असता. ओंजळभर माती उचलली, तर पाचटाचे तुकडे अजून कडक होते आणि त्यांवर बुरशीचे पांढरे तंतू पसरलेले होते. युरिया देऊन पाणी दिल्यावर गहू हिरवा झाला, परंतु फुटवे फुटण्याचा काळ हातचा गेला होता आणि तो कोणत्याही खताने परत येत नाही.

पाचट जाळणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण त्यातील जवळजवळ सगळे नत्र धुराबरोबर जाते. खोडव्यात पाचट सरीत पसरावे, टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत आणि ओल टिकवावी. गाडायचेच असेल तर पेरणीपूर्वी दीड-दोन महिने हाताशी असावेत. मी स्वतः तारीख मोजण्यापेक्षा मातीतील पाचटाचा तुकडा काढून बोटांत चुरडून पाहतो. तो चिवट लागला तर पेरणी थांबवायला सांगतो, मग शेजाऱ्याची पेरणी उरकलेली असली तरी.

ताग आणि ढेंचा या मातीत गाडायच्या हिरवळीच्या पिकांच्या बाबतीत उलट चूक होते. जास्त पाला मिळेल या आशेने लोक शेंगा धरेपर्यंत थांबतात, तोवर खोड लाकडासारखे कडक होते आणि कुजणे लांबते. फुले दिसू लागताच, म्हणजे सुमारे ४५ ते ५० दिवसांत, ओलीवर गाडावे. कोवळा ताग मात्र फार लवकर नत्र सोडतो. गाडून शेत महिनाभर मोकळे ठेवले, तर जोराच्या पावसात नायट्रेट मुळांच्या खाली वाहून जाते.

शेणखताचे ढीग मे महिन्याच्या उन्हात शेतात पसरून ठेवू नयेत, कारण अमोनिया हवेत उडून जातो. टाकले की त्याच दिवशी मातीआड करावे. जिवाणू खते कोरड्या मातीत टाकू नयेत. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात चर काढावेत, नाहीतर नायट्रेटचा वायू होऊन ते निघून जाते. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेल्या दोनशे लिटर जीवामृतातील नत्र पाव किलोच्या आसपास भरते, म्हणून त्यावर एकराची नत्राची गरज भागवू नये.

चांगल्या कुजलेल्या शेणखतातूनही पहिल्या वर्षी नत्राचा साधारण पाव ते एक तृतीयांश वाटाच पिकाला मिळतो, उरलेले पुढच्या हंगामांत हळूहळू सुटते. अनेक नवखे पहिल्याच हंगामात युरिया पूर्ण बंद करतात आणि उत्पन्न घटले की सेंद्रिय शेतीला बोल लावून मोकळे होतात. माझा सल्ला असा की, माती परीक्षण करून रासायनिक नत्र दरवर्षी थोडे थोडे कमी करावे आणि ते किती कमी करायचे, हे पिकाची खालची पाने पाहून ठरवावे.