दाढीचा कृत्रिम ब्रश : साबण ओळखून पाणी द्यावे

कृत्रिम केसांचा मऊ ब्रश घरात आला त्या पहिल्याच सकाळी फेस माझ्या कोपरापर्यंत ओघळला, आरशावर शिंतोडे उडाले आणि गालावर मात्र दुधाच्या पाण्यासारखे काहीतरी पातळ उरले. दोष ब्रशचा नव्हता. वडिलांना पाहून लागलेल्या सवयीप्रमाणे मी तो मगातल्या कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवला होता आणि तसाच निथळता उचलून साबणाच्या वडीवर फिरवला होता. वडिलांचा ब्रश डुकराच्या केसांचा होता (ते केस कोणाचे, हे आमच्या सोवळ्याओवळ्याच्या घरात कोणी कधी विचारले नाही, हे बरेच झाले), आणि त्या ब्रशला भिजवणे आवश्यकच असते. नैसर्गिक केस पाणी शोषून घेतात, त्याने मऊ होतात आणि शोषलेले पाणी फेस होत असताना हळूहळू परत देतात. कृत्रिम तंतू मात्र टूथब्रशच्या तंतूंच्याच जातीचे, म्हणजे नायलॉनचे किंवा पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. ते पाणी पीत नाहीत. पाणी फक्त दोन तंतूंच्या मधल्या जागेत अडकून राहते आणि ब्रश कलता होताच एकदम खाली येते. नैसर्गिक केसांचा ब्रश स्वतःजवळ पाण्याची शिल्लक ठेवतो. कृत्रिम ब्रशच्या बाबतीत ती शिल्लक आपल्याला सांभाळावी लागते, आणि किती पाणी द्यायचे ते समोरच्या साबणावरून ठरवावे लागते.

म्हणून सुरुवात सर्व साबणांसाठी सारखीच करावी. ब्रश नळाखाली पाच सेकंद धरून पूर्ण ओला करावा, केसांचा झुबका मुठीत धरून हलक्या हाताने पिळावा, आणि मग मोरीत दोनदा झटकावा. पिळताना केस ओढू नयेत, कारण झुबका ब्रशच्या मुठीत, म्हणजे दांड्यात, गोंदाने बसवलेला असतो आणि रोजच्या ओढाताणीने तो सैल होतो. झटकल्यावर ब्रश उलटा धरून पाहावा. थेंब पडत नसेल, पण तळहातावर टेकवल्यास ओलावा जाणवत असेल, तर तो साबणासाठी तयार आहे. पाणी सोसवेल इतके गरम असावे, उकळते नको.

आता साबण. सर्वांत सोपी ट्यूबमधली क्रीम. बदामाएवढी क्रीम गालावर टिपक्या-टिपक्यांनी लावून त्यावर ब्रश फिरवावा. ती ब्रशच्या मध्यभागी पिळण्याची सवय अनेकांना असते, परंतु मऊ दाट झुबक्यात ती थेट बुडाशी जाऊन बसते आणि दाढी संपल्यावर धुताना बाहेर येते. क्रीममध्ये मुळातच बरेच पाणी असते, त्यामुळे ब्रशची टोके दोन-तीन वेळा पाण्याला लावली की काम होते. कांडीच्या साबणाचेही असेच. तुर्कस्तानची आर्को किंवा तशीच कोणतीही कांडी ओल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने घासावी, म्हणजे साबणाचा पातळ थर चेहऱ्यावरच बसतो आणि ब्रशला वडीवरून साबण उचलण्याचे कष्ट पडत नाहीत. मऊ कृत्रिम ब्रश आणि कांडी यांचे जितके जमते तितके दुसऱ्या कशाशी जमत नाही, असे माझे मत आहे. नवशिक्याने पहिले पंधरा दिवस कांडीच वापरावी.

डबीतला मऊ साबण थोडे भान मागतो. फ्लॉरेन्सच्या प्रोरासोची डबी आता भारतातही मिळते. तिच्यातील साबण लोण्याहून किंचित घट्ट असतो. अशा साबणावर ब्रश दाबला की टोके आत रुततात आणि गरजेच्या तिप्पट साबण वर येतो. ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, वजन न देता, फक्त आठ-दहा फेरे द्यावेत. महागडा साबण असेल तर चमच्याच्या दांड्याने वाटाण्याएवढा तुकडा काढून वाटीच्या तळाशी पसरणे अधिक किफायतशीर ठरते.

खरी परीक्षा कडक वडीची. यंत्रातून पुन्हापुन्हा दाबून काढलेली, नखाने ओरखडा काढला तरी जेमतेम उमटणारी वडी वर्षभर पुरते, पण मऊ ब्रशला ती सहजासहजी काही देत नाही. डुकराच्या केसांची टोके खरखरीत असल्यामुळे वडी खरवडून काढतात; कृत्रिम ब्रशची टोके गुळगुळीत असतात आणि वडीवरून निसटतात. येथे बहुतेक जण जोर लावतात, आणि नेमके तेच चुकते. जोर लावला की झुबका फाकतो, टोकांऐवजी केसांच्या कडा वडीला घासतात, आणि लवचिक केस सुटताना उसळी घेऊन साबण भिंतीवर उडवतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा की स्नानाला जाण्यापूर्वी वडीवर एक लहान चमचा गरम पाणी घालून ठेवावे. अंघोळ होईपर्यंत वरचा थर फुलून बुळबुळीत होतो. ते पाणी फेकू नये. दाढीवर चोळावे, कारण त्यात साबण असतो आणि केस भिजण्यास त्याची मदत होते. दुसरा उपाय पकडीचा. ब्रश मुठीच्या टोकाला न धरता खाली, बोटांच्या टोकांनी झुबक्याचे बूड वेढून धरावा, म्हणजे केसांचा वरचा अर्धा भागच मोकळा राहतो आणि मऊ ब्रश थोडा ताठ होतो. या पकडीने हलके, लहान गोल फेरे तीस ते चाळीस सेकंद द्यावेत.

वडीवर नक्की काय घडते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. पहिल्या पाच-सात सेकंदांत मोठाले, पारदर्शक बुडबुडे उठतात. ते पाण्याचे लक्षण आहे, साबणाचे नव्हे. ते मोरीत झटकून पुन्हा सुरू करावे. पुढे बुडबुडे बारीक होतात, फिरणाऱ्या ब्रशचा सपसप आवाज कमी होतो आणि हाताला किंचित ओढ लागते. शेवटी वडीवर आणि केसांच्या टोकांवर पांढरा, चमक नसलेला, चक्क्यासारखा घट्ट लेप दिसू लागतो. हा लेप दिसेपर्यंत वडी सोडू नये. त्याच्या आधी सोडल्यास पुढे कितीही घोटले तरी फेस उभा राहत नाही, आणि मग माणूस साबणाला किंवा दुकानदाराला बोल लावतो.

एवढे करूनही वडी दाद देत नसेल तर ती किसून एखाद्या रुंद, उथळ वाटीत थोड्या गरम पाण्याचा हात लावून दाबून बसवावी. पृष्ठभाग वाढला की मऊ ब्रशलाही साबण सहज मिळतो. मात्र त्यासाठी वेगळी किसणी घ्यावी. गाजराच्या हलव्याची किसणी या कामी वापरण्याचा प्रयोग मी केला आहे आणि त्याची आठवण मला अजूनही करून दिली जाते.

पारदर्शक ग्लिसरीनच्या वड्या याच्या अगदी उलट असतात. दहा सेकंदांत ब्रश फेसाने भरून जातो आणि आपण खूश होतो. पण तो फेस हवेचा असतो. तिथे पाणी सर्वांत कमी द्यावे आणि हात संथ ठेवावा. अंघोळीच्या साबणाची वडी तर या कामी घेऊच नये. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते आणि ते बहुधा पोटॅशियमच्या क्षाराने, किंवा पोटॅशियम व सोडियम या दोन्हींच्या क्षारांनी साबणात बदललेले असते. त्यामुळे फेस दाट होतो आणि गालावर टिकतो. अंघोळीचा साबण मुख्यतः सोडियमचा असतो आणि त्याचा फेस ब्लेड दुसऱ्या गालावर पोहोचेपर्यंत विरून जातो.

ब्रशवर साबण आला की उरते ते पाणी मुरवणे. हे वाटीत करावे की चेहऱ्यावर, हा आवडीचा प्रश्न आहे. शिकताना वाटी बरी, कारण तिच्यात फेस दिसतो. दोन-चार थेंब पाणी, दहा-पंधरा फेरे, पुन्हा दोन-चार थेंब, असा क्रम ठेवावा. आधी चक्क्यासारखा असलेला लेप हळूहळू सैल होतो आणि त्याला चमक येऊ लागते. इंदूरकरांना एक खूण सहज सांगता येते: सराफ्यात, म्हणजे आपल्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळते ती दुधाची दाट शिकंजी, लिंबाची नव्हे, चमच्यावरून जशी सावकाश घसरते, तसा फेस ब्रशवरून घसरू लागला की थांबावे. टोके वर उभी राहणारा घट्ट फेस दिसायला देखणा असतो, पण ब्लेडखाली तो कोरडा पडतो. बोटांत चिमूटभर फेस घेऊन चोळून पाहावा. बोटे निसटली तर पाणी पुरेसे आहे. चिकटली किंवा करकरली तर अजून हवे. चेहऱ्यावर लावताना आधी गोल फेरे द्यावेत आणि शेवटी रंगाऱ्यासारखे सरळ हात मारून थर सारखा करावा. कृत्रिम ब्रश फेस स्वतःजवळ फारसा धरून ठेवत नाही, म्हणून नैसर्गिक ब्रशपेक्षा कमी साबणात तीन हात, म्हणजे फेस लावून ब्लेड फिरवण्याच्या तीन खेपा, होतात. तिसऱ्या हाताला फेस कमी पडल्यास झुबक्याचे बूड चिमटीत दाबावे. आत लपलेला बाहेर येतो.

इथवरचे सर्व सांभाळूनही इंदुरात एक अडचण उरते, ती पाण्याची. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून १९७८ पासून शहरात येणारे नर्मदेचे पाणी साबणाला बऱ्यापैकी मानवते. पण नळ एक दिवसाआड येतो आणि पुष्कळ घरांच्या टाकीत बोरिंगचे पाणी मिसळलेले असते. माळव्याच्या काळ्या खडकातून उपसलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेले असते, आणि ते साबणाशी जुळून पाण्यात न विरघळणारा पांढरट साका बनवतात; अशा पाण्याला जड पाणी म्हणतात. तेवढा साबण फेसासाठी उरतच नाही. नळाच्या दिवशी उत्तम झालेला फेस दुसऱ्या दिवशी त्याच वडीवर, त्याच हाताने बसला, तर ब्रश बदलण्यापूर्वी पाणी तपासावे. झाकणाच्या दोन सारख्या बाटल्या अर्ध्या भराव्यात, एक टाकीच्या पाण्याने व एक स्वयंपाकघरातील आरओच्या पाण्याने. दोन्हींत साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून तो विरघळेपर्यंत जोराने हलवाव्यात. जड पाण्याच्या बाटलीत वर पातळ फेस आणि खाली गढूळ, कणीदार पाणी दिसते. दुसरीत फेस बोटभर उभा राहतो.

उपाय सोपा आहे. चेहरा धुण्यासाठी टाकीचे पाणी चालते. फेसासाठी मात्र आरओचे वाटीभर पाणी वेगळे घ्यावे. तीन हातांच्या दाढीला एवढे पाणी पुरून उरते. ते न जमल्यास बोरिंगच्या दिवशी कडक वडी बाजूला ठेवून क्रीम वापरावी, किंवा वडीवरून नेहमीच्या दीडपट साबण घ्यावा. क्रीमवर जड पाण्याचा परिणाम होत नाही असे नाही, पण ट्यूब थोडी जास्त दाबली की तो भरून निघतो.

ऋतूप्रमाणेही थोडा फरक करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत माळव्याची कोरडी हवा गालावरचा फेस मिनिटभरात सुकवते. तेव्हा फेस नेहमीपेक्षा थोडा ओला ठेवावा, अर्ध्या चेहऱ्यालाच लावावा, आणि पुढच्या हाताआधी ब्रशची टोके पाण्याला लावून पुन्हा फिरवावीत. हिवाळ्यात वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली की पुरे. पावसाळ्यात तर कृत्रिम ब्रशचा फायदाच आहे: नैसर्गिक केसांचा ब्रश त्या दिवसांत सकाळपर्यंत दमट राहून वास धरतो, हा मात्र झटकून ठेवला की काही तासांत सुकतो. रोज दाढी करणाऱ्याला दोन ब्रश आळीपाळीने वापरण्याची गरज राहत नाही.

दाढी झाल्यावर ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून बुडाशी बोटे फिरवावीत आणि पिळल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावा, मग झटकून टॉवेलवर दोन-चार वेळा पुसावा. उभा ठेवला किंवा उलटा टांगला तरी फरक पडत नाही. बंद डबीत मात्र ओला ठेवू नये. जड पाण्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत झुबक्याच्या बुडाशी साका साचतो, केस एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि ब्रश फुलेनासा होतो. तेव्हा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा लहान चमचा लिंबूसत्त्व विरघळवून त्यात फक्त केस, मुठीला पाणी लागणार नाही अशा बेताने, पाच मिनिटे बुडवावेत आणि नंतर शॅम्पूच्या एका थेंबाने धुवावेत. पेल्यातले पाणी धुरकट झालेले दिसले की साका सुटला असे समजावे.